भाऊबीजेची कॅसेट

१ नोव्हेंबर ९४, मंगळ.
कारखान्याला आजपासून सुट्टी, थेट सोमवारपर्यंत. यंदा साताऱ्याला जायचं नाही. आईलाच इकडे नावड्याला आणलंय.

सकाळी कदम येऊन गेला. मस्कतला आमच्या मेव्हण्याच्या, विलासच्या खोलीत राहतो. रजेवर खांदेश्वरला आलाय. विलासला रजा नाही, म्हणून त्याच्याबरोबर खोकं पाठवलंय. लेकीला, मेघाला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. बहिणीला, म्हणजे आमच्या सु.ला, भाऊबीजेचा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र, दोन स्पीकरचा, वर कोऱ्या कॅसेटी. मला दाढीचं मशीन. म्हणजे आमची दाढी मेव्हण्याला मस्कतपर्यंत टोचते.

चिठ्ठी: ताई, भाऊबीजेला सगळ्यांचे आवाज भरून कॅसेट पाठव. कदम सोमवारी रात्रीच्या विमानाने परत जाणार, सकाळी येऊन घेऊन जाईल.

सु. खोकं मांडीवर घेऊन बसली होती. चहा दोनदा मागावा लागला.

२ नोव्हें., बुध.
×
जानेवारीत ठरवलं होतं, सु.वर हात उचलला की त्या दिवशी डायरीत फुली मारायची. फुल्या दिसल्या की लाज वाटेल, लाज वाटली की कमी होईल. मागची पानं चाळली नाहीत.

कारण तसं काहीच नाही. करंज्या तळताना नवीन टेपवर गाणी लावली होती, माझी हाक ऐकू गेली नाही. झारा हातातून ओढला आणि तोच दंडावर दिला. तापलेला होता हे नंतर लक्षात आलं. मेघाने न सांगता बर्फ आणला. ट्रे कसा आपटायचा, की सगळे खडे एकदम सुटतात, हे तिला आता बरोबर जमतं.

४ नोव्हें., पाडवा
सु.ने ओवाळलं. ओवाळणीत मिक्सर दिला. खोकं तबकात मावेना, शेवटी तबकच खोक्यावर ठेवलं. सगळे हसले, सु. पण. आईने मिक्सरला हात जोडले, म्हणाली, "माझा जलम पाट्यावर गेला बाबा." दिवसभरात तीन चटण्या झाल्या. मलाही बरं वाटलं. फोड आलेला दंड तिने पदराखाली घेतला होता.

जेवायला बसलो तर टू-इन-वन माझ्या मिक्सरच्या खोक्यावर मांडलेला, वर क्रोशाचा रुमाल. मिक्सर बिचारा ओट्याखाली. लक्षात राहिलं.

५ नोव्हें., भाऊबीज
×
संध्याकाळी सु.ने पाट मांडला, भोवती रांगोळी, पाटावर टू-इन-वन. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. हिने टेपला ओवाळलं. दोन्ही स्पीकरना कुंकू, वर अक्षता. मी म्हटलं, "आता लाडू पण भरव त्याला." आई हसली.

मेघाने लाल बटण दाबलं. सु. बोलायला लागली. "विलू, तुझी ताई बोलतेय. तुला ओवाळलं बघ. ह्यांनी मला मिक्सर आणला. खूप जपतात मला. काळजी करू नको." माझ्याकडे बघत नव्हती. ते खोटं मला सहन होईना. खरं बोलली असती तरी झालं नसतं. मग म्हणाली, "मे महिन्यात आलास की चार दिवस मला घेऊन जा."

मी टेपचं गोल बटण उलटं फिरवलं, पार शेवटपर्यंत. आमचा जुना ट्रान्झिस्टर तसाच बंद होतो. "घेऊन जा म्हणजे? इथं काय जेलात आहेस?"
"सहज बोलले हो."
त्या 'सहज'वर माझं डोकं गेलं.

केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही. तबक उडालं, निरांजनातलं तूप साडीवर. खाली पडल्यावर पोटात लाथ मारली. लाथ ही पहिल्यांदाच. मिक्सरचं भांडं फेकलं, ते ओठावर बसलं. एक दात हलतोय. आई म्हणत राहिली, "सणासुदीचं नको रं दिनू, सणासुदीचं नको." म्हणजे इतर दिवशी चालेल. मेघा दारात उभी, हातात गेम, तो एकटाच टुणटुण वाजत होता.

मनगट दुखतंय. एकच फुली मारली. लाथेची वेगळी काय मारायची.

६ नोव्हें., रवि.
सकाळी मेघाने कॅसेट मागे नेऊन लावली. मी पेपर वाचत होतो. सु.चा आवाज, खूप जपतात मला, चार दिवस घेऊन जा. आणि मग बाबांचा आवाज आला.

आमचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. तीच शिवी, तसाच चिरका सूर, मधेच श्वास घ्यायची तीच तऱ्हा. आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि पाय पोटाशी ओढले. गावी बाबा उंबऱ्यात आले की अशीच बसायची. मी तेव्हा कॉटखाली असायचो.

ते बाबा नव्हते. पुढे भिंतीचा आवाज, भांड्याचा आवाज, आईचं सणासुदीचं नको. मला भीती वाटली. खरंच कॉटखाली जावंसं वाटलं. बेचाळीस वर्षांचा आहे मी.

मेघा म्हणाली, "बाबा, ते गोल बटण आवाजाचं असतं. त्याने रेकॉर्डिंग बंद नाही होत." गणित समजावून सांगावं तसं.

कॅसेट काढून घेतली. म्हटलं, हिच्यावरूनच दुसरं भरू. पाहतो तर कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही दात मेघाने मोडून टाकलेले. ते मोडले की टेप त्यावर परत काही भरू देत नाही. तिच्यावर हात उगारला. ती हलली नाही. खाली घेतला. याची फुली मारायची का कळेना. अर्धी मारतो.
/

सु. आतून आली. ओठ सुजलाय, शब्द नीट फुटत नव्हते. "उद्या कदमभाऊजी येतील. द्यायची तर तुम्ही द्या. नाही द्यायची तर तसं तुम्हीच सांगा त्यांना. मी तोंड उघडणार नाही. पण पुसू नका. माझं ओवाळणं आहे त्यात."

विलासने ऐकली तर रजा नसली तरी येईल. सु.ला नेईल, मेघाला पण. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. तो तसाच आहे. नाही ऐकली तर घर आहे तसंच राहील. तेच मला नकोय, असं लिहायला घेतलं होतं, पण

७ नोव्हें., सोम.
साडेसात. विलासच्या मशीनने दाढी केली. त्याला आरसा लागत नाही, ते एक बरं.

कॅसेट समोर आहे. वर सु.च्या अक्षरात: चि. विलास, भाऊबीज. आमच्या स्टोअरमधल्या साळुंखेने मागे कधीतरी सांगितलं होतं, मोडलेल्या दातांच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की टेप फसतो, परत भरता येतं. मेघाच्या दप्तरातून चिकटपट्टी काढली. दोन तुकडे कापले. डाव्या हाताच्या बोटांवर आहेत, पान धरलं की पानाला चिकटतात. मेघाने पाहिलं.

सु.ने मिक्सर लावलाय. त्यात कोणाचंच काही ऐकू येत नाही.

खाली कदमची स्कूटर. मिक्सर बंद झाला. आईने पदर डोक्यावर घेतला, कदमसाठी की कशासाठी, कोण जाणे. जिन्यात पावलं वाजताहेत. मेघा दार उघडायला उठली, पण कडीला हात लावून तशीच थांबलीय. माझ्या बोटांकडे बघतेय.