टीव्हीतल्या चाळीस तबकड्या

भोर,
मंगळवार, सकाळ

प्रिय रखमाजी,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच चुलीत घालशील, या भीतीनं वरचा पत्ता सुनेकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी पोटात घाल. कामथडी ते भोर म्हणजे एसटीनं जेमतेम पाऊण तास, तरी चौदा महिने आपण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तीस वर्षं मी भोरच्या स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या आणि तू वेल्ह्याची गाडी चालवलीस. त्या तीस वर्षांत आपला अबोला कधी दोन दिवसांच्या वर टिकला नाही. मग तुझ्या धनाजीचं लग्न झालं. कापूरहोळच्या कार्यालयात तू माईकवरून मानकऱ्यांची नावं पुकारलीस, एकेकाला फेटा बांधलास, आणि ‘गंगा, पयलं नाव तुझं’ असं आठ दिवस आधी मला सांगूनसुद्धा माझं नाव काही माझ्या कानावर आलं नाही. मी न जेवता उठून आलो. हे तुला माहीत आहे आणि मलाही. पण आज त्याच्याआधी घरची खबर सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्या सार्थकची बायको प्रेरणा, तिला सातवा महिना आहे. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत, प्रवास बेतानं करायचा, असं बजावलं आहे. सार्थक शिरवळच्या कंपनीत, घरी येतो तो झोपायला. ही दिवसभर लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते आणि संध्याकाळी टीव्हीला एक खेळ जोडून बसते. सुलूला, तुझ्या वहिनीला, वाटलं, आता घरात गोळीबार सुरू होणार. पण या खेळात बंदूकच नाही. डोंगरातल्या एका खोऱ्यात एक टपालवाली बाई सायकलवरून फिरते, एवढाच खेळ. त्या खोऱ्यात जुन्या गाण्यांच्या चाळीस तबकड्या कुणीतरी लपवून ठेवलेल्या आहेत. कुठे गवताच्या गंजीत, कुठे पडक्या गिरणीच्या जात्याखाली. सापडलेली तबकडी धर्मशाळेत नेऊन ग्रामोफोनवर लावायची. गाणं ज्याच्या मनाला लागेल तो माणूस आपणहून येऊन बसतो आणि खेळणाऱ्याचं काहीतरी काम करून जातो. चुकीची लावली तर कोंबड्या पळून जातात आणि चार दिवस अंडी मिळत नाहीत. हसू नकोस. पहिल्या आठवड्यात आमच्या इतक्या कोंबड्या पळाल्या की सुलू स्वयंपाकघरातून आमच्यावर तोंड सोडायला लागली.

खेळ प्रेरणाचा आणि सल्ले माझे. उंटावरून शेळ्या हाकणं मला स्टँडवरच अंगवळणी पडलेलं. मी एक वही सुरू केली: तबकडीचा नंबर, कुठे मिळाली, कुणाला लावली, काय झालं. प्रेरणा तबकड्या शोधण्यात पटाईत, पण त्या वापरायच्या कशा हे माझ्याशिवाय तिला जमेना. एक नावाडी होता. नदीच्या पलीकडे नेईना, बोलेना, नुसता पाठ करून बसायचा. तिनं त्याला सगळी उडती गाणी लावून पाहिली. मी म्हटलं, पाळणा लाव. ती म्हणाली, या दाढीवाल्याला पाळणा? पण त्याच्या नावेच्या दोरीवर एक लहानसं झबलं वाळत घातलेलं मी पाहिलं होतं. पाळणा लावला आणि तो गडी उठला, वल्हं घेतलं, आणि आम्हाला फुकट पलीकडे सोडलं. त्या दिवशी माझी कॉलर ताठ झाली. डोळे अजून शाबूत आहेत रे माझे, गाडीची पाटी वळणावरूनच वाचतो.

मग एकदा तिचे पाय सुजले होते म्हणून ती आडवी झाली आणि ते बटणांचं यंत्र माझ्या हातात आलं. तोवर मला ठाऊकच नव्हतं की तबकडी शोधायची खूण कानाला असते. जवळ गेलं की बारीक सूर ऐकू येतो, आणखी जवळ गेलं की मोठा होतो. मी सायकल दामटत त्या गिरणीवरून चार वेळा गेलो. ती पडल्या पडल्या सांगत होती, बाबा थांबा, वाजतंय. मला काही वाजत नव्हतं. मला वाटलं थट्टा करते आहे. मग वाटलं, टीव्ही बिघडला. दुसऱ्या दिवशी कापूरहोळहून दुरुस्तीवाल्या पप्पूला बोलावलं. त्यानं टीव्ही उघडला, मिटला आणि म्हणाला, “काका, टीव्हीला काय बी झालेलं न्हाई. पर तुमी आवाज लई मोठा ठिवलाय. मला गल्लीत वळतानाच बातम्या कळल्या.” नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावली. या खेपेला ती घरपोच मला मिळाली.

 दहा दिवसांनी प्रेरणाला तपासणीसाठी पुण्याला जायचं होतं, तर ती म्हणाली, बाबा, सोबत चला, मला आधार होईल. मी आणि सुलू गेलो. तिची तपासणी झाल्यावर तिनं आम्हाला शेजारच्याच इमारतीत नेलं, तर तिथे कानाचा डॉक्टर. आधार कुणी कुणाला दिला ते तूच ठरव. एका बंद खोलीत बसवून कानांना डबडी लावली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी ऐटीत दाबत होतो. नंतर त्यांनी कागद दाखवला. वरंध घाट उतरावा तशी रेघ खाली खाली गेलेली. म्हणाले, वयानं होतं असं. समोरासमोर शांत जागी तुम्हाला कळतं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. पण बारीक आवाज गेले आहेत, आणि गर्दीगोंगाटात लांबून कुणी बोललं तर ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाहीच मुळी. सुलू म्हणाली, चार वर्षं तरी झाली. मी तिच्यावर डाफरलो, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले की.

तर आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिले दोन दिवस नको झालं. कुकर अंगावर आल्यासारखा वाजायचा. आपल्या स्वतःच्या चपला इतक्या वाजतात हे मला माहीत नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खेळ हातात घेतला आणि सायकल सरळ गिरणीकडे नेली. लांबूनच आला रे सूर. इतका बारीक की आधी वाटलं शेजारी कुणी पोरगी गुणगुणते आहे. मी थांबत, कान देत, जात्याशी पोचलो, आणि एकतिसावी तबकडी माझी मी काढली. ती धर्मशाळेत लावली तेव्हा कुणी एकटं नाही आलं, सगळं खोरंच येऊन बसलं, तो नावाडीसुद्धा. मी पुरा वेळ ऐकली. तुझ्यापासून काय लपवायचं, मला रडू आलं, आणि प्रेरणानं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. गुणाची पोर आहे. घरात सध्या बरं चाललंय, रखमाजी. बाळाची वाट पाहणं, संध्याकाळी तबकड्या, सुलूचा चहा, आणि तिची बोलणी आता मला पुरती ऐकू येतात. नऊ तबकड्या राहिल्या आहेत, त्याही मिळतील.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्याकडून लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आला होता, तो मी रागानं कपाटात फेकला होता. लग्नाला आलेला गेनूमामा दोनदा काही सांगायला आला, तर ‘त्या लग्नाचं नाव काढायचं नाही’ म्हणून मी त्याला दारातूनच परतवून लावला. सुलूला तर बोलायची सोयच ठेवली नाही. तीही त्या वेळी नवरीच्या खोलीत होती, तिनं काही पाहिलेलं नव्हतं. परवा ती म्हणाली, मशीन घेतलंच आहे तर निदान त्या पोराच्या लग्नाच्या मंगलाष्टका ऐका. लावला. बाहेर बँड वाजतो आहे, पोरं ओरडत आहेत, आणि तू माईक हातात घेऊन म्हणतोस, “पयला मान भोरच्या गंगाधररावांचा. सख्खा भाऊ न्हाई, पर भावाच्या जागी हाये.” मग थांबतोस. मग पुन्हा पुकारतोस. तिसऱ्यांदा नुसतं ‘गंगा’ म्हणतोस. कॅमेरा वळतो आणि दुसऱ्या ओळीत मी दिसतो, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, ताठ मानेनं, सरळ समोर बघत बसलेला. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. तू हातातला फेटा हळूच टेबलावर ठेवतोस आणि पुढचं नाव घेतोस. ते मी सात वेळा पाहिलं. तुझ्या पोराच्या लग्नात, तुझ्या भावकीसमोर, मी तुझा मान धुडकावला आणि वर तुझ्या अन्नावरून उठून गेलो, असंच तू चौदा महिने समजत असणार. मी तुझ्या जागी असतो तर मीही दुसरं काही समजलो नसतो. माझं चुकलं, रखमाजी. ऐकू आलं नाही हा दोष कानांचा, पण एकदाही येऊन विचारलं नाही हा माझा. फोन दोनदा हातात घेतला. पण मशीन लावून फोन कानाला नेला की शिटी वाजते, आणि तू गप्प राहिलास तर तू गप्प आहेस की मलाच ऐकू येत नाही, हे मला कळलं नसतं. म्हणून पत्र. गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी कामथडीला येतो आहे. दारात उभा राहून तुला हाक मारीन. तू ओ दिलीस तर ऐकू येईल. नाही दिलीस, तर ती तू दिली नाहीस म्हणूनच, एवढं या वेळी मला नक्की कळेल.

दुसऱ्या ओळीत बसून राहिलेला, तुझाच
गंगाधर