तीन अंशांची चूक

५ तारीख, दुपार

प्रिय बाबा,

आधी काय काय झालं ते क्रमानं लिहिते. बाकीचं नंतर.

१. मला दिवस गेलेत. आज एकतिसावा आठवडा सुरू झाला.
२. विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली. बाळाचा कणा कमरेच्या खालच्या भागात मागच्या बाजूनं मिटलेला नाही. तिथे वरून कातडीही नाही, नसा उघड्या आहेत. याला स्पायना बिफिडा म्हणतात.
३. एकविसाव्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतलं. तेच दिसलं.
४. चोविसाव्या आठवड्यापर्यंत हे थांबवायची मुभा होती. थांबवलं नाही.
५. पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला सिझेरियन ठरलं आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाळाचं ऑपरेशन.
६. तुझा जावई बोटीवर आहे. बाळ आल्यानंतर पाच आठवड्यांनी उतरेल.

आत्याला यातलं काही माहीत नाही. तिनं लपवलं असं समजून तिच्यावर चिडू नकोस. तुलाही मी सांगितलं नाही. चौदा नंबरच्या जोडानंतर आपला फोन महिन्यातून एकदा होतो आणि सरासरी चार मिनिटं चालतो. तब्येत, हवा, आत्याचे गुडघे. गेल्या सहाही वेळा सांगायचंच असं ठरवून फोन लावला आणि सहाही वेळा आत्याच्या गुडघ्यांपाशी अडकले. मागच्या वेळी तिनंच फोन घेतला होता. म्हणाली, तो मागच्या अंगणात वेलीला तारा बांधत बसलाय, हाक मारू का? मी म्हटलं, नको, बांधू दे.

सोनोग्राफीच्या खोलीत मी पहिल्यांदाच प्रोबच्या दुसऱ्या बाजूला होते. माझं रोजचं काम तू पाहिलं आहेस. वेल्डिंगच्या जोडालगत लोखंडावर जेल फासायचं, काडेपेटीएवढा प्रोब त्यावरून सरकवायचा, आवाजाची लहर आत सोडायची आणि ती कुठून परत फिरते ते पडद्यावर बघायचं. इथेही तसंच थंड जेल, तसाच पडदा. डॉक्टरीणबाई सुरुवातीला सारख्या बोलत होत्या. हे डोकं, हा हात, बघा अंगठा चोखतंय, आळशी आहे हं तुमचं. मग त्या बोलायच्या थांबल्या. प्रोब एक मिलिमीटर मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. मग पलीकडच्या बाजूनं येऊन तीच जागा बघितली. जोडात काही सापडलं की मी अगदी हेच करते, बाबा. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. फक्त कुठे, किती, एवढंच कळायचं बाकी होतं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे मशीन शेवटचं कधी तपासलं होतं? त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही जरा पाणी प्या. मी पाणी प्यायले आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांना राग आला असावा, पण त्यांनी मशीनवरचं तारखेचं लेबल दाखवलं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. तरीही दुसरीकडे जाऊन मी पुन्हा करून घेतलं. मशीनवर एवढा अविश्वास मला का, ते पुढे लिहिते.

कणा मिटायचा असतो तो गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत. म्हणजे दिवस गेलेत हे धड कळायच्याही आधी. मी डायरी काढून तो आठवडा बघितला. सोमवार ते गुरुवार पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनवर होते. शुक्रवारी सर्दी म्हणून घरी. शनिवारी पडदे धुतले. त्या सहा दिवसांत कधीतरी ते मिटायचं राहून गेलं आणि मला काहीच जाणवलं नाही. माझ्या कामामुळे झालं का, हे मी तीन वेळा विचारलं. नाही, असं तिन्ही वेळा उत्तर मिळालं. चौथ्यांदा विचारलं नाही, कारण त्यांनी पुन्हा पाणी दिलं असतं.

बोटीवरच्या फोनवर तुझ्या जावयाचा आवाज दोन सेकंद उशिरा पोहोचतो. मी सगळं सांगितलं, दोन सेकंद गेले. मग तो म्हणाला, तू म्हणशील तसं. त्याला मनापासून तसंच म्हणायचं होतं. शरीर तुझं, निर्णय तुझा, मी तुझ्या बाजूनं. तो भला माणूस आहे, रोज फोन करतो, रडतोही. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि लक्षात आलं की हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं आहे, जवळजवळ ह्याच शब्दांत. तेव्हाही ते ऐकून मी अशीच एकटी उरले होते.

का थांबवलं नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. कागदावर दोन रकाने केले होते. दोन्ही भरले. दोन्हींतलं सगळं खरं होतं. दुसऱ्या कुणी दुसरा रकाना निवडला असता तर मी तिला चूक म्हटलं नसतं. बाळ लाथा मारतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यावर जाऊ नका, पोटात हलणारे पाय पुढे चालतीलच असं नसतं. मी त्यावर जात नाही. फक्त मोजते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जन पन्नाशीच्या आहेत, हात लहान मुलीसारखे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की आम्ही जागा झाकतो, टाके घालतो, पण ज्या नसांना इजा झाली आहे त्या आम्हाला जोडता येत नाहीत. पायांना कदाचित आधाराच्या पट्ट्या लागतील, कदाचित चाकाची खुर्ची. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा नळी. डोक्यात पाणी साठलं तर आणखी एक ऑपरेशन. नक्की किती काय, ते बाळ वाढेल तसं कळेल. मला त्या आवडल्या. सगळं ठीक होईल गं, असं न म्हणणारं इतक्या दिवसांत भेटलेलं ते पहिलं माणूस. मी काय करते असं त्यांनी विचारलं. वेल्डिंगचे जोड तपासते म्हटल्यावर हसून म्हणाल्या, मग माझ्या टाक्यांपासून चार हात लांबच राहा.

टाके म्हटल्यावर तूच आठवलास. लोखंडाच्या दोन कडा जागेवर धरायला आधी जो ठिपका मारतात त्याला सगळे टॅक म्हणतात. तू आयुष्यभर टाकाच म्हणालास. आणि आई गेल्यावर माझी वेणी घालतानाही, हल्लीस तर टाका उसवेल, असं दटावायचास. बोटांना सगळीकडे चटके, तळहात खरवडणारे, पण वेणीचा प्रत्येक पेड सारख्या मापाचा. मी आरशात बघून पट्टीनं मोजायचे. तेव्हापासून तू मला फूटपट्टी म्हणायला लागलास. शाळेत बाईंनी विचारलं, वेणी कोण घालतं गं इतकी घट्ट? मी सांगितलं, आमच्याकडे एक वेल्डर आहे.

आता चौदा नंबर.

कारखान्यातल्या त्या कामावर मला पाठवू नका, माझे वडील तिथे आहेत, असं मी ऑफिसात सांगितलं होतं. दुसरं माणूस नव्हतं. म्हणून आपण ठरवलं की तिथे मी तुला मिस्त्री म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. घरी बाबा आणि तू. पहिले दोन दिवस घरी आल्यावर आपण त्यावर किती हसलो. मिस्त्री, आमटी वाढू का तुम्हाला? तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या जोडावर खडूनं फुली मारली. चीर आहे, कापावा लागेल. तो उंच फिटर दात काढत म्हणाला, मिस्त्री, पोरीनंच नापास केलं की. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू पुन्हा बघ म्हणशील. तू म्हणालास, तुम्ही म्हणाल तसं, मॅडम. आणि ग्राइंडर उचलून स्वतःच कापलास. आठवडाभरात काम सोडलंस, निवृत्तीला चार महिने असताना. मग आत्याकडे गेलास. वेल्डिंगचा होल्डर पुन्हा हातात धरला नाहीस.

तुला वाटत आलं आहे की तुझी नजर गेली, हात गेला. आत्यानं मला तसं सांगितलंय. तसं नाही, बाबा.

प्रोबचा तळ घासून घासून झिजतो. झिजला की लहर ठरलेल्या कोनात आत जात नाही. म्हणून सकाळी, जेवणानंतर आणि काम संपल्यावर कोन तपासायचा असतो. त्या दिवशी जेवणानंतर मी तपासला नाही. पुढचा जोड तुझा होता आणि सगळे आजूबाजूला उभे होते. मी कोन तपासत बसले असते तर लोक म्हणाले असते, बापाचा जोड आला म्हणून पोरगी वेळ काढतेय. मला ते ऐकायचं नव्हतं. पाच वाजता तपासला तेव्हा सत्तर अंशांच्या जागी सदुसष्ट निघाले. तीन अंशांनी पडद्यावरची जागा सरकते. प्रत्येक चांगल्या जोडाच्या तळाशी जो उंचवटा असतो, तोच मला चीर म्हणून दिसला होता.

तोवर तू जोड कापला होतास. त्या दुपारचे बाकीचे पाच जोड मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. ते नीट होते. चौदाची नोंद तशीच राहू दिली. कापलेला तुकडा भंगारातून उचलून आणला, रविवारी घासला, पॉलिश केला, आम्ल लावून बघितला. स्वच्छ, कुठेही चीर नाही. एकतीस वर्षांत तुझा एकही जोड नापास झाला नव्हता. अजूनही झालेला नाही.

हे मी त्याच रविवारी सांगायला हवं होतं. आधी धीर झाला नाही. मग तू काम सोडलंस, आणि आता सांगून काय उपयोग असं वाटलं. मग दोन वर्षं झाली. टेबलाच्या खालच्या खणात तो तुकडा होता, आणि मी तो खणच उघडत नव्हते. गेल्या सोमवारी ऑफिसला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घेतली. साहेब म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय? सहा महिने मला अहवालावर सही करता येणार नाही. नियम तसाच आहे. दुरुस्त नोंदीची प्रत आणि तुकडा या पाकिटासोबतच्या डब्यात आहेत. तुकडा खिडकीपाशी नेऊन, चष्मा लावून बघ.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते. बाळ जन्मलं की त्याला लगेच चौथ्या मजल्यावरच्या पुलावरून मुलांच्या इमारतीत नेतील. मी या बाजूला. दोन-तीन दिवस मला पलीकडे सोडणार नाहीत. पूल मी चालून बघितला आहे, माझी दोनशे बारा पावलं होतात. ऑपरेशननंतर बाळाला पालथंच ठेवतात. नर्स असतात, पण एकेकीकडे चार बाळं. म्हणून घरचं एक माणूस त्यांना शेजारी बसलेलं हवं असतं. त्यानं टाक्यांवर नजर ठेवायची. कड लाल झाली, फुगली, पाण्यासारखं काही पाझरलं तर लगेच हाक मारायची. जावयाला आईवडील नाहीत, आत्याला रक्त बघून भोवळ येते. पण दुसरं कुणी नाही म्हणून तुला बोलावत नाहीये. बाळ म्हणजे पाइप नव्हे, एवढं मला कळतं. तरीही एखाद्या शिवणीकडे न कंटाळता, न घाबरता, तासन्‌तास बघू शकणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याला मी त्याच्या नजरेविषयी खोटं सांगितलं होतं. ते खोटं तसंच ठेवून हे मागता आलं नसतं. बाळाकडे बघून तुला काय वाटेल, मला माहीत नाही. मला काय वाटेल तेही माहीत नाही. याच महिन्याच्या वीस तारखेला सकाळी साडेदहाला शेजारी बसणाऱ्या माणसाला बाळ कसं उचलायचं, कसं धरायचं ते शिकवणार आहेत. एकोणीसला मला फॉर्मवर नाव भरायचं आहे. येतो म्हण किंवा येत नाही म्हण, दोन्ही चालेल. तुम्ही म्हणाल तसं, हे मात्र चालणार नाही. अठरा तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
फूटपट्टी