गोठ्यातली चूल

घाटकोपर,
ता. ११ मे १९५८

ती. सौ. मालनताईस,
जयवंताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळी ठीक आहेत. नीलाचा खोकला गेला. तू धाडलेल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, बरणीला दादरा बांधून ठेवलाय. पाणी सकाळी तासभरच येतं, जो भांडेल त्याचं भरतं. नीला भांडते, म्हणून आमचं भरतं.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उशिराला कामाचं कारण सांगणार होतो. काम आहेच गं. बोरिवली, मुलुंड मुंबईत आल्यापासून लोक कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा परवानगी मागतात, आणि प्रत्येक खुराडं मोजायला आम्ही फीत घेऊन चालत सुटतो. आपण बांधकामं तपासतो की अंडी, हेच कळेनासं झालंय. घरी आलो की चप्पल काढायचाही कंटाळा येतो. पण उशीर त्यामुळे झाला नाही.

तू लिहिलंस की नव्या गोठ्याचा अर्ज नामंजूर झाला, वर जुना गोठाही तीस दिवसांत काढायची नोटीस आली. कारण काय, तर 'गोठ्यात मनुष्यवस्ती आढळली'. दोन गाई, बैलजोडी आणि ते तान्हं वासरू ऐन पावसात कुठे बांधायचं, असं धोंडूभावोजी रोज विचारतात. साहेबांचा काहीतरी गैरसमज झाला असेल, तू एक शब्द टाक, असंही लिहिलंस.

साहेबांचा गैरसमज झाला नाही, ताई.

अर्ज मीच तुझ्या ओटीवर बसून लिहिला होता, आठवतं ना? भावोजी सरळ म्हणत होते की घराचाच अर्ज टाकू. थोरल्या भावाच्या घरात एका खोलीत किती वर्षं काढायची, म्हणाले. मीच शहाणपणा केला. शेतात घर म्हटलं की फाईल वर्षानुवर्षं फिरते, गोठा म्हणून टाका, पुढेमागे अर्ध्या भागात राहता येईल, असं मी सांगितलं. कचेरीतला माणूस म्हणून तुम्ही माझं ऐकलंत.

मग पाहणीला साहेबांबरोबर मलाच यावं लागलं. आमच्याकडे नातेवाइकाचं प्रकरण असलं तर आधी लेखी कळवायचं असतं. मी कळवलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या कचेरीतल्या श्यामकांतने न कळवता मामाची झोपडी पास केली आणि तो निलंबित होऊन अजून घरी बसलाय. आता कळवलं तर अर्ज कोणी लिहिला हेही निघेल, म्हणून मी गप्प राहिलो. वाटलं, गोठाच तर आहे, पाच मिनिटांचं काम.

जुन्या गोठ्यात शिरलो तर कोपऱ्यात चूल पेटलेली. शेतातला गोठा खरा की आडून घर, हे आमच्याकडे चुलीवरून ठरतं. चूल दिसली की संसार आहे असं धरायचं. साहेब मुंबईत वाढलेले, त्यांनी जन्मात गोठा आतून पाहिला नसेल. त्यांनी पातेल्यात डोकावून मला विचारलं, "तू या भागातला ना? ही चूल कशाची?"

मला ठाऊक होतं गं. बांडी आठ दिवसांपूर्वी व्यायली होती. तिचं आंबोण शिजत होतं, कुळीथ, बाजरी आणि गूळ. आईसुद्धा व्यालेल्या गाईसाठी गोठ्यातच तीन दगड मांडायची, आणि त्यातला गूळ मी चोरून खायचो म्हणून तू मला बदडायचीस. त्या वासानेच मला सगळं आठवलं. तोंडावर आलं होतं, साहेब, ही गाईची चूल. पण हे तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं तर? आणि तू मागे विळा घेऊन उभी होतीस.

मी म्हणालो, "स्वयंपाकाची, साहेब."

तू तेव्हा गवत आणायला वळली होतीस, तुला ऐकू आलं नाही. पाहणीचा कागद मीच लिहिला. मनुष्यवस्ती हा शब्दही माझाच. मग साहेब म्हणाले, बाईंचं नाव घाल. मी मान वर न करता तुला विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

आणि तू डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणालीस, "मालन धोंडू राऊत. लिहिलंत ना साहेब नीट?"

ताई, तू मला साहेब म्हणालीस. माझ्या हातून शाईचा डाग पडला कागदावर. तो अजून तिथेच आहे.

पत्रात लिहितेस की तुझ्यावर बालंट नको म्हणून ओळख दाखवली नाही, राग मानू नकोस. हे वाचून मी पत्र नीलाच्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिने सगळं विचारून घेतलं. ओरडली नाही. म्हणाली, "तिकडे काय बोललात ते वन्संना तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते." आठ दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. खरं तर तोंडच नव्हतं.

काल शनिवारी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. चूल गाईची होती, मी खोटं सांगितलं, अर्जही मीच लिहिला, गोठ्याला परवानगी मिळाल्यावर अर्ध्यात राहायचा सल्लाही माझाच, असं सगळं लिहिलं. तो सल्ला लपवला असता तर बरं झालं असतं की काय, कोण जाणे. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, पुन्हा पाहणी लावतो, तोवर नोटीस थांबेल, पण तुझं काय होईल ते आता माझ्या हातात नाही. मी बरं म्हटलं आणि जागेवर येऊन बसलो. थकवा आला होता, पण गेल्या महिन्याभरात काल दुपारी पहिल्यांदा मी नीट जेवलो.

गुरुवारी दुसरा माणूस येईल. भावोजींना सांग की निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि हे मी खरं सांगतोय. माझ्यावर चिडले तर चिडू दे. घराचा अर्ज निराळा टाका, घर म्हणूनच. तो मी लिहिणार नाही.

आणि एक. साहेबांना खुपते म्हणून तुम्ही ती चूल मोडलीत आणि जागा सारवून घेतलीत, असं लिहिलंस. ते वाचून फार लागलं गं मला. पुन्हा मांड. बांडीचं आंबोण राजरोस शिजू दे. येणाऱ्या माणसाला वास येऊ दे आणि विचारू दे.

भावोजींना नमस्कार. तू उत्तर धाडलं नाहीस तरी मी समजेन. कालच्या कागदावर जशी सही केली तशीच इथे करतो.

मालन धोंडू राऊत हिचा सख्खा धाकटा भाऊ,
जयवंत