कठडा वजा जाता

६ मार्च १९८३, रविवार
ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी शाईने लिहिते आहे. पेन्सिल पुसट होते, आणि पुढे कुणाला लागलीच तर अडचण नको.
लातूरला भूजलाच्या ऑफिसात रुजू होऊन सहा महिने झाले. जिल्हा माझ्या नोकरीपेक्षा पंधरा दिवसांनी मोठा. ऑफिस भाड्याच्या घरात आहे. नकाशे स्वयंपाकाच्या ओट्यावर उलगडावे लागतात. पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून वर ‘लातूर’ रंगवलं आहे. तिरक्या उन्हात जुनं नाव पुन्हा दिसतं.
निश्चय: वर्षभरात थोरांची पन्नास चरित्रं वाचायची आणि तक्ता करायचा. थोरपणालाही थर असणार. थर असले की मोजता येतं.

१३ मार्च
आधी वाचलेली धरून अकरा चरित्रं झाली. तक्त्यानुसार अकरापैकी नऊ थोरांना तरुणपणी मित्र नव्हते. उरलेल्या दोघांचे होते, ते पुढे फितूर झाले.
माझी वाटचाल योग्य दिशेने आहे.

२० मार्च
घरमालकीण सिद्धम्मा तिसऱ्यांदा जेवायला बोलवायला आल्या. म्हणाल्या, एकटीच काय खातीस गं, भिंतीकडं तोंड करून? मी म्हटलं, वाचते आहे. पुस्तकाकडे बघून म्हणाल्या, हे बुवा तुला वाढणार हाय का?
गेले नाही. चरित्रांत प्रकरण तीन हे एकांताचंच असतं.

२७ मार्च
सिद्धम्मांनी आज बोलावलं नाही. बरं झालं. वांग्याचा वास जिन्यापर्यंत येत होता, एवढीच नोंद.

४ एप्रिल, सोमवार
माणिकप्पा साहेबांनी बोलावलं. पंधरा ऑगस्टला जिल्ह्याला वर्ष होईल, त्याची स्मरणिका निघणार आहे. ‘आपली थोर माणसं’ हा विभाग कमिटीने साहेबांवर टाकला, साहेबांनी माझ्यावर. म्हणाले, तुम्ही त्ये चरित्रं वाचता म्हणं. आता जित्या माणसाचं लिहा.
माणूस: शेषेराव. निजामाच्या राजवटीत भूमिगत होते. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागे बियाण्याच्या दुकानावर खोली करून एकटे राहतात.
पहिल्यांदाच माझं लेखन छापलं जाईल. तारीख नोंदवून ठेवते आहे.

१० एप्रिल
भेट पहिली, दुपारी साडेतीन. शेषेराव पासष्टीचे, एक पाय ओढत चालतात. मला इंजिनेरबाई म्हणतात. दुरुस्ती केली: कनिष्ठ भूवैज्ञानिक. म्हणाले, बरं, इंजिनेरबाई.
मुख्य घटना: १९४८ चा पावसाळा, पायात गोळी. मुरुडजवळच्या वाडीत चांगुणा नावाच्या बाईने त्यांना विहिरीच्या कपारीत तीन रात्री लपवलं. भाकरी पोहऱ्यातून खाली सोडायची. रझाकार डोकावायला आले तर ही काठावर धुणं आपटत बसली. वर त्यांनाच झापलं, बाईमाणूस धुणं धुऊन राहिलं, तिकडं तोंड करा की! ते खरंच तिकडे तोंड करून निघून गेले.
हे आधी कुठे छापलं का नाही, असं विचारलं. त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, भाषणात मी एकटाच निसटायचो, बाई. टाळ्या पडायच्या. एकदा बोलून बसलो, मग वळता आलं न्हाई. आता माझं नाव नसलं तरी चालंल. बाईचं घाला. ती हाय अजून. तिला सांगून आलोय मी, तुझं नाव छापून येतंय म्हणून.
लेखकाची परवानगी न घेता असं सांगणं गैर आहे. चहात साखर फार होती. दोन कप.

१५ मे
भेट सहावी. खरं तर सगळी माहिती पहिल्याच भेटीत मिळाली होती. फेरतपासणी लागतेच.
शेषेरावांनी विचारलं, मुदखेडला घरी पत्र टाकता का? म्हटलं, हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे. ते म्हणाले, मंग आत या की विषयाच्या.
घरी आल्यावर पत्र टाकलं. त्यांच्या सांगण्याचा संबंध नाही.

१९ मे, गुरुवार
टंचाईची पाहणी. योगायोगाने तीच वाडी. तिथली एकुलती विहीर, क्रमांक ४१. तळाला घागरभर पाणी, बायका झरा भरायची वाट बघत बसलेल्या.
मोजणीला मदतनीस म्हणून असलेल्या खलाशी केरबाने टेप सोडला आणि आकडा सांगितला, पण कठडा वजा केला नाही. खात्यातले निम्मे लोक हीच चूक करतात. त्याला समजावलं: कठडा मागाहून बांधलेला असतो, पाणी जमिनीपासून मोजायचं. इथे कठडा तीन फूट दोन इंच. केरबा म्हणाला, हाव बाई, तुमचं ध्यान लई बारीक.
कठड्याच्या दगडावर १९५३ कोरलेलं आहे. फॉर्ममध्ये भरलं. निर्मिती वर्ष: १९५३.
म्हणजे १९४८ साली ही विहीरच नव्हती! चरित्रकाराला असे क्षण क्वचित येतात. तिथेच आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.
कठड्याखालच्या काळ्या दगडात दोरीच्या बोटभर खोल खाचा होत्या. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
एका म्हातारीने विचारलं, काय मोजून राहिलीस गं? पाणी किती दिस पुरंल? म्हटलं, अहवाल वर जाईल. ती म्हणाली, अहवाल वर जाऊ दे, तू सावलीत ये, आणि तांब्या पुढे केला. घेतला नाही. कामावर असताना कुणाकडून काही घेत नाही.

२२ मे
शेषेरावांना पुरावा दाखवला. फॉर्म उलटसुलट बघितला, मग म्हणाले, तर मंग तीन रात्री मी कशात होतो, बाई? हवेत?
म्हटलं, वयानुसार आठवणींची सरमिसळ होते. दुसरी विहीर असेल, दुसरी बाई असेल. ते म्हणाले, भाकर कुणाची खाल्ली त्ये माणूस इसरत न्हाई. मी म्हटलं, मी फक्त जे सिद्ध होतं तेच लिहू शकते.
चहा झाला नाही. वीस मिनिटं वाचली.

१२ जून
लेख दिला. घटना अशी: ‘जखमी अवस्थेत काही काळ अज्ञात स्थळी राहिले.’ साहेब म्हणाले, एकदम स्वच्छ झालंय, धुतल्यावानी.
रविवार आता पूर्ण मोकळा असतो. वाचनाला अनुकूल. साडेतीनला गोलाईपर्यंत चालून आले, व्यायाम. बियाण्याच्या दुकानावरची खिडकी बंद होती. सहज दिसली.

३ जुलै
आज वयाची चोवीस पूर्ण. तक्त्यानुसार चोविसाव्या वर्षी थोरांना कुणीच ओळखत नसतं. मी अगदी वेळेवर आहे.
सिद्धम्मांचा जिन्यात आवाज आला म्हणून दार उघडं ठेवून वाचत बसले. दूधवाल्याशी बोलत होत्या.

१५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी नऊला स्मरणिकेचं प्रकाशन. पान एकतीसवर माझा लेख. खाली नाव नाही. विभागाला साहेबांचं नाव आहे. हरकत नाही.
शेषेरावांना शालीसाठी पुकारलं. ते उठले नाहीत. शेवटच्या रांगेत एका म्हातारीशेजारी बसले होते. लुगडं नवं नव्हतं, पण घडी कडक होती. पहाटेच्या एसटीने आली होती.
जवळ गेले. विहिरीवर तांब्या पुढे करणारी तीच. तिने मला ओळखलं. म्हणाली, अगं, तू ती टेपवाली नव्हं? बरी भेटलीस. मला वाचता येत न्हाई आन् ह्यो बाबा सकाळधरनं चष्मा सापडंना म्हणतोय. माझं नाव कुठं हाय, त्यावर बोट ठिव.
चष्मा शेषेरावांच्या खिशात होता. ते जमिनीकडे बघत होते.
मी पान एकतीस उघडलं. बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी म्हटलं, आजी, विहीर त्रेपन्न सालची आहे ना, म्हणून...
ती हसायला लागली. त्रेपन्न तर कठड्याचं साल, बाई! शेजारच्या जिजीचं वासरू आत पडलं तवा बांधला त्यो. त्याआधी हिर उघडीच हुती. माझ्या सासूच्या लग्नाचं पाणी तिथलंच.
मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, पदराने पुसलं आणि परत दिलं. म्हणाली, असू दे. लई चांगला कागद हाय.

१६ ऑगस्ट
साहेबांना दुरुस्तीची चिठ्ठी लावू का, असं विचारलं. म्हणाले, पाचशे प्रती वाटून झाल्या की. ओट्याखाली बारा उरल्यात, त्यात लावा काय लावायचं ते.
बारा चिठ्ठ्या लिहिल्या. तिचं नाव बारा वेळा.

२१ ऑगस्ट, रविवार
आधी गोलाई. शेषेरावांच्या खोलीला कुलूप. दुकानदार म्हणाला, ते मुलीकडं गेलेत, कधी येतील सांगितलं न्हाई.
मग मुरुडची एसटी, तिथून वाडी पायी. चांगुणाबाईंचं दारही बंद. खडी फोडायला गेल्या होत्या; टंचाईची कामं अजून सुरू आहेत.
विहिरीवर गेले. खाचांत बोट घालून पाहिलं. पूर्ण आत जातं. फॉर्म दुरुस्त केला. निर्मिती वर्ष: माहीत नाही. ऊन होतं. कुणी तांब्या पुढे केला नाही.
तक्ता एकतिसाव्या चरित्रावर थांबवला आहे.
चिठ्ठी लावलेलं पुस्तक चांगुणाबाईंच्या शेजारणीकडे दिलं, पान दुमडून. तिने विचारलं, कोण आलतं म्हणून सांगू?
पूर्ण नाव, पदवी, हुद्दा, सगळं तोंडात आलं होतं.
टेपवाली आली होती, म्हटलं. एवढं सांगा.