माहेरची माणसं आणि अर्धलीची शेळी

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८
दारात पाणी मागायला एक अनोळखी बाई आली, चंद्राबाई, तिच्यामागून नवरा जयसिंग. पाणी पिऊन झाल्यावर कळलं, मुठ्याची माणसं! माझं माहेर. तिकडून कैक वर्षांत कुणी इथं आमच्या माले गावापर्यंत आलं नव्हतं. विचारलं, वडाखालची विहीर अजून हाय का? म्हणाले, हाय की. माझी मैतरीण गोजरा कशी हाय? म्हणाले, टुणटुणीत, रोज तुमची आठवण काढती. जयसिंग मला आत्या म्हणाला. माहेरचा पोरगाच आत्या म्हणतो, परका कशाला म्हणेल? माझा लेक धुळा म्हणतो, आई, तूच सांगतीस नि ते नुसतं व्हय म्हणत्यात. त्याला माहेर नाही, त्याला काय कळणार. कोंबडी कापली.

बुधवार, १५ नोव्हेंबर
माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. चांदी शेळी गाभण आहे, पण तिच्यामागं माळावर जायला माझे गुडघे नाही म्हणतात. म्हणून जयसिंगला अर्धलीनं दिली. सांभाळायची त्यांनी, करडं निम्मी निम्मी. माझी लेक सुंदरा पुसात बाळंतपणाला येणार, तेव्हा व्यालेली आणून देतो म्हणाला. मागच्या खेपेला सुंदराच्या अंगावर दूध नव्हतं. पोर रडून रडून आटलं होतं. आता तो घोर नाही. अगदी खात्री. अर्धलीला कागद नसतो, दोर हातात दिला की झालं. चांदीला हळदकुंकू लावलं. ती जाईना, जयसिंगनं ओढत नेली. लाजाळू आहे.

शुक्रवार, १ डिसेंबर
धुळा मला न विचारता मुठ्याला जाऊन आला. म्हणतो, तिथं असला कुणी जयसिंग नाही, आणि गोजरा मागच्या पावसाळ्यातच गेली.
दुसरी गोजरा असेल. मुठ्यात काय एकच गोजरा?
दिवसभर जेवण गेलं नाही. पित्त झालंय.

मंगळवार, १९ डिसेंबर
आले! मी धुळाकडं नुसतं बघितलं.
पण चंद्राबाईचं रडणं थांबेना. चांदीला बिबट्यानं नेली म्हणे. जयसिंग मान खाली घालून बसला. मी म्हटलं, जंगलचं जनावर ते, तुमचा काय दोष. मलाच वाईट वाटलं, किती जीव लावला असेल बिचाऱ्यांनी. त्यांचं मन रमावं म्हणून दुसरी शेळी, तांबडी दिली, तीही अर्धलीनं. तीही गाभणच. संक्रांत झाली की बेस्तरवारी व्यालेली घेऊन येतो म्हणाले. धुळा म्हणाला, "आता मलाबी देऊन टाक अर्धलीनं." त्याच्याशी बोलणं बंद.
संध्याकाळी त्याला भाकरी वाढली. बोलले मात्र नाही.

मंगळवार, १६ जानेवारी
सुंदराला शनिवारी मुलगी झाली. काय नाक, काय डोळे! थेट माझ्यावर. अंगावर दूध नाही.
सकाळी पौडचा नबीलाल आला, शेळ्यांचा व्यापारी. व्यापारी म्हणून याला मी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दोराला चांदी! मागं तिचं करडू. पिरंगुटच्या बाजारात एका नवरा-बायकोकडून घेतली म्हणाला. कानाला आमच्या घरची खाच बघून आमची वाटली, म्हणून दाखवायला आणली.
मी म्हटलं, बिबट्यानं सोडली असेल. मी चांदीला सगळीकडून चाचपली. ओरखडासुद्धा नाही.
मग मी तिथंच बसले. शेळीचं एवढं नाही. पण गोजरा गेलेली, तर रोज माझी आठवण काढत होतं कोण?
नबीलाल म्हणाला, "मावशी, लेकराला दूध लागंल तवर ऱ्हाऊ द्या हितंच. मंग बगू." कागद नाही, हळदकुंकू नाही. दोर हातात देऊन गेला.
धुळा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
परवा बेस्तरवार. तांबडीला घेऊन येतो म्हणालेत.