दहापैकी बारा

ती. ताईस धाकट्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. (आता वाकून करायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण सहा वर्षांची सवय एकदम मोडवत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ठीक आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय, आणि म्हणूनच हे पत्र.

तर माझी कंबर. तुझी आणि तिची चांगली ओळख आहे, कारण तुझ्या प्रत्येक बोलावण्याला माझ्याऐवजी तीच उत्तर देत आली. (कंबर धरलीय, चार जिने चढवणार नाहीत, राग नसावा.) परवाच्या उन्हाळ्यात कापायच्या टेबलावर वाकलो तो वाकलेलाच राहिलो. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर हनुवटी टेकून अर्धा तास काढला, तेव्हा हिने मला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून सांगितलं की मणक्याचे सांधे झिजलेत आणि त्यांची तक्रार डोक्यापर्यंत नेणाऱ्या बारीक नसा आहेत, त्या सुईच्या तापलेल्या टोकानं जाळायच्या. मी विचारलं, मग सांधे बरे होतील? नाही, ते तसेच राहतील. मग दुखणं राहील? नाही, ते जाईल. मी हिच्याकडे पाहिलं, ही भिंतीकडे पाहत होती. सांधा तक्रार करतोय पण निरोप्याच नाही, तर सांधा दुखतोय की नाही? मला अजून कळलेलं नाही. कळलं तर तू कळव. दुखणं कधी सुरू झालं असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षं वाकून कापड कापतोय, त्यातच कधीतरी. तेव्हा ही खोकली. (भावोजींसारखी नव्हे, मुद्दाम.)

जाळण्याआधी परीक्षा असते. नसेजवळ नुसतं बधिर करायचं औषध टोचतात आणि एक कागद देतात. त्या दिवशी आराम करायचा नाही, उलट ज्यानं दुखतं ते सगळं करायचं आणि दर अर्ध्या तासानं दुखणं दहापैकी किती ते लिहायचं. आता मी पडलो शिंपी. माप कितीही भरो, कापताना शिवणीसाठी थोडं जास्त धरल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. टोचायच्या आधी दुखणं पुरतं दहा होतं, मी बारा लिहिलं. टोचल्यावर शून्य झालं, मी दोन लिहिलं. झोपेतून उठलो तरी दोन, जेवताना दोन. बाईंनी कागद उलटासुलटा पाहिला आणि हे दोन नेमके कुठे दुखतात ते बोटानं दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, ते दुखत नाहीत, ते शिवणीत जातात. त्यांनी चष्मा काढून पुसला. ही परीक्षा दोनदा घेतात, म्हणून दुसऱ्या वेळी कागद हिच्या हातात दिला. मी सांगणार आणि ही लिहिणार. मी नऊ सांगितलं की ही चार लिहायची. (तिचं म्हणणं, लग्नापासून माझं सगळं ती निम्मंच धरते आणि त्यावरच संसार चाललाय.) बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेशंट एकच आहे ना, असं हिला विचारलं. पण दोन्हीकडे उतार दिसत होता, म्हणून पास केलं.

जाळायच्या दिवशी मला पालथं निजवलं आणि पाठीवर पेनानं खुणा केल्या. डावीकडची खूण अर्धं बोट खाली आहे, हे मला पालथ्यानंही जाणवलं आणि मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात. हे त्या मला सांगत होत्या! जन्मभर लोकांचे पडके खांदे मी कापडात झाकत आलोय. मग सुया, वर एक्स-रेचं यंत्र, आणि आधी थोडी वीज सोडून विचारणं, कमरेत झिणझिण्या येतात का, पायात कळ जाते का. घाबरून मी दोन्हीला हो म्हटलं. सगळे थांबले. मग विचार करून दोन्हीला नाही म्हटलं. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा खरं काय ते सांगितलं, तेव्हा काम झालं. पहिले पंधरा दिवस जास्तच ठणकलं, आणि एका सकाळी पाहतो तर काही नाही. उठताना सवयीनं ओरडलो. हिने विचारलं, दुखतंय? नाही. मग ओरडता कशाला? दुकानात दिवसभर चाचपडत होतो, काहीतरी हरवल्यासारखं.

दुखणं कधी सुरू झालं ते बाईंना नाही सांगितलं, तुला सांगतो, म्हणजे तुला ठाऊकच आहे. आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र मला हवं होतं. तू म्हणालीस, ने, पण मदतीला माणूस येऊ दे. मी म्हटलं, मला कुणाची गरज नाही, आणि ते लोखंडी धूड एकट्यानं चार मजले उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर कंबरेत काहीतरी तुटलं. तू वरून हाक मारलीस. मला ऐकू आली होती. सहा वर्षं दुखत होतं तोवर मी तुझ्यावर रागावलोय असं मला वाटायचं. आता दुखत नाही, तर राग सापडत नाही, नुसती लाज वाटते. वहिनीचा तुला नमस्कार, भावोजींना माझा.

तुझा,
धाकटा

ता. क. जाळलेली नस पुन्हा वाढते म्हणे, साधारण वर्षभरात. म्हणजे चार मजले चढायला माझ्याकडे थोडेच महिने आहेत. येत्या रविवारी येऊ का?

ता. क. २. आईच्या यंत्रावर मी आजवर एक टाकाही घातलेला नाही. चादर टाकून ठेवलंय. तुला हवं असेल तर पोचवतो. दोन माणसं लावून.

ता. क. ३. तुमच्या इमारतीत लिफ्ट बसवून दोन वर्षं झाली. मला ते त्याच आठवड्यात कळलं होतं.