आस्गरचा क्रॉस आणि न पाठवलेले पान

मी, गुड्रुन थोरलुंड, वय ७८, राहणार लेम्विग, माजी मत्स्यमंत्री व नंतर लिस्बनमधील राजदूत कै. आस्गर थोरलुंड यांची पत्नी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. घर मुलगी सिग्ने हिला. फक्त तिच्या नावावर. दफनाच्या दिवशी कॉफी निवायच्या आत जावई छताकडे बघत म्हणाले, "आई, एवढं घर एकटीला झेपेल का?" मी ते विसरलेली नाही.

२. चांदीचे अकरा चमचे नातीला. बारावा माझ्या नणंदेकडे आहे. तोच तिचा वाटा समजावा.

३. आस्गरचे सचिव प्रेबेन हायलेसेन यांना काहीही देऊ नये. हेरिंगच्या मासेमारीवर बंदी येणार, ही बातमी चार दिवस आधी बंदरात फुटली. आस्गरचे मंत्रिपद गेले, आम्हाला परदेशी धाडले. बातमी कोणी फोडली हे आस्गरने कधीच सांगितले नाही. पण कागद पाहिलेली माणसे दोनच होती. एकोणीस वर्षे मी प्रेबेनना कॉफी दिली, केक दिला नाही.

४. राजदरबाराने आस्गरला दिलेला मानाचा क्रॉस माणूस गेल्यावर परत करावा लागतो. मी तो वर्षभर ठेवून घेतला. प्रेबेनचे दोनदा फोन आले. "बाई, पाठवलात का? नाहीतर मी येऊन नेतो." एवढी घाई कशाला, म्हणून वरची तीन कलमे लिहून झाल्यावर काल क्रॉसच्या पेटीचे अस्तर उचकटले. क्रॉस मिळालेल्याने दरबाराला स्वतःची जीवनकथा लिहून द्यायची असते. त्यातले एक न पाठवलेले पान आत होते, आस्गरच्या अक्षरात: "बंदीचे मी गुड्रुनला सांगितले. वाढदिवसाच्या जेवणात ती भावाला म्हणाली, 'येप्पे, इतक्यात नवी जाळी घेऊ नकोस.' येप्पेने ते बंदरात सांगितले. चूक माझी."

मला आठवते. येप्पे म्हणाला होता, "का गं मंत्रीणबाई, समुद्र आटणारे का?" सगळे हसले होते.

५. कलम तीन तसेच राहील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि साक्षीला मला प्रेबेनच हवेत. आज ते आले. मी पान पुढे ठेवले. त्यांनी खिशातून चष्माही काढला नाही.

"माहीत आहे, बाई. तिला कळू देऊ नकोस, असं साहेब म्हणाले होते."

"मग एवढी वर्षं माझ्याकडे कशाला येत राहिलात?"

"कॉफी चांगली करता तुम्ही."

६. ते पान क्रॉससोबत दरबाराकडे पाठवावे आणि जीवनकथेत त्याच्या जागी लावावे. सिग्नेने नाही म्हणू नये.

लेम्विग, ३ नोव्हेंबर १९९१. सह्या केक खाऊन झाल्यावर केल्या.

गुड्रुन थोरलुंड

साक्षीदार:
प्रेबेन हायलेसेन
बीर्गिट लुंडो, शेजारीण